करडा भिंतीवर चढला आणि निळा झाला

प्रश्न : बैठकीच्या खोलीला हलका करडा रंग दिला. शेडकार्डावर तो अगदी शांत वाटत होता. भिंतीवर चढला तसा निळसर दिसू लागला, आणि संध्याकाळी दिवे लागले की चक्क जांभळट. खोली 4 मीटर लांब, 3.5 मीटर रुंद, उंची 2.7 मीटर. खिडकी एकच, उत्तरेला. जमीन तांबूस तपकिरी लाकडाची. दिवे पांढऱ्या उजेडाचे, 6500 केल्विनचे. दार आणि खिडकीला पाच-सहा वर्षांपूर्वी पांढरा ऑइलपेंट दिला होता, तो आता पिवळा पडलाय. छताला भिंतीबरोबरच नवा पांढरा दिला, तरी ते मळकट दिसतं. भिंत पुन्हा रंगवायची तयारी आहे, पण आता चूक नको. कुठला करडा घ्यावा? दार, खिडकी आणि छताला एकच पांढरा चालेल का? शेजारच्या खोलीला क्रीम द्यायचा विचार आहे, तो शोभेल का?

उत्तर : तुम्ही मोजमापं, खिडकीची दिशा आणि दिव्यांचा आकडा कळवलात, त्यामुळे नेमकं सांगता येईल. आधी एवढं लक्षात घ्या की तुमचा करडा वाईट नाही आणि पेंटरनेही काही बिघडवलेलं नाही. चार गोष्टींनी मिळून त्या रंगाला निळ्याकडे ढकललं आहे. त्यातल्या दोन गोष्टी भिंतीला हात न लावता सुधारता येतात, म्हणून नवा डबा आणायची घाई करू नका.

पहिली गोष्ट रंगाच्या पोटातली. करडा, मोतिया, क्रीम, ऑफव्हाइट या ज्यांना आपण न्यूट्रल म्हणतो, त्या प्रत्येक रंगात कसली ना कसली झाक असते: निळी, हिरवी, जांभळी, गुलाबी, पिवळी. दुकानातलं मशीन पांढऱ्या बेसमध्ये थेंब थेंब टिंटर, म्हणजे दाट रंगद्रव्य, सोडून रंग बनवतं. नुसता काळा टिंटर पांढऱ्यात पडला, तर होणारा करडा बहुधा थंड, निळसर दिसतो. त्यात पिवळा ऑक्साइड घातला की तो हिरवटपणाकडे झुकतो, कारण काळा आणि पिवळा मिळून शेवाळी छटा तयार होते. थोडा तांबडा ऑक्साइड किंवा तपकिरी अंबर पडला की ती हिरवट झाक दबते आणि रंगात ऊब येते. म्हणून शेडच्या नावावर जाऊ नका. दुकानदाराला त्या शेडचा फॉर्म्युला विचारा. डब्यावर चिकटवायच्या लेबलावर तो छापून येतो. टिंटरची नावं सांकेतिक अक्षरांत असली, तरी कुठलं अक्षर कुठल्या रंगाचं हे तो सांगू शकतो. काळ्याबरोबर निळा किंवा जांभळा टिंटर असेल तर तुमच्या खोलीसाठी ती शेड तिथेच बाद.

फॉर्म्युला मिळाला नाही तरी झाक ओळखता येते. शेडकार्डाच्या पट्टीवर तुमची फिकट शेड जिथे आहे, तिथून त्याच पट्टीच्या सर्वात गडद टोकाला जा. फिकट शेडमध्ये लपलेली झाक गडद शेडमध्ये उघडी पडते. टोकाचा रंग पोलादी निळा असेल तर वरचा फिकट करडाही निळाच आहे, फक्त कुजबुजत बोलतोय. दुसरा उपाय म्हणजे चार-पाच वेगवेगळ्या पट्ट्यांवरचे तितकेच फिकट करडे शेजारी शेजारी ठेवणे. एकटा पाहिला तर प्रत्येक जण निव्वळ करडा वाटतो. रांगेत बसले की एक हिरवा, एक गुलाबी, एक निळा निघतो. बरेच जण शेड पांढऱ्या झेरॉक्स कागदावर ठेवून पाहतात. तो कागद फसवतो. त्यात निळसर चमक आणणारी द्रव्यं घातलेली असतात, त्यामुळे त्याच्यासमोर जवळजवळ सगळे न्यूट्रल रंग आहेत त्याहून पिवळे भासतात.

दुसरी गोष्ट खिडकीची. उत्तर गोलार्धात उत्तरेच्या खिडकीतून सूर्य वर्षाचा बराच काळ थेट आत येत नाही. येतो तो आकाशाचा उजेड, आणि स्वच्छ आकाशाचा उजेड निळसर असतो. (दक्षिण गोलार्धात हेच दक्षिणेच्या खिडकीला लागू पडतं.) दिवसभर एकसारखा, मऊ, सावल्या न पाडणारा असा हा उजेड चित्र काढायला उत्तम, पण करड्या भिंतीतली निळाई तो नेमकी वर आणतो. त्यावर संध्याकाळी तुम्ही 6500 केल्विनचे दिवे लावता (केल्विनचा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर), म्हणजे दिवस मावळला तरी थंड उजेड सुरूच राहतो.

तिसरी आणि चौथी गोष्ट शेजाऱ्यांची, आणि आमच्या मते खरी मेख इथेच आहे. डोळा कुठलाही रंग एकटा पाहत नाही. पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो. त्यांनी तपासलं तर धाग्याच्या रंगात खोट नव्हती. त्याच्या शेजारी विणलेले रंग त्याला फिका दाखवत होते. 1839 मध्ये त्यांनी हा नियम सविस्तर मांडला: शेजारी असलेले दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतात. तुमच्या खोलीत हेच चाललं आहे. तांबूस नारिंगी जमिनीचा विरुद्ध रंग निळा, म्हणून जमीन भिंतीला निळी करते. पिवळ्या पडलेल्या चौकटीचा विरुद्ध रंग निळा-जांभळा, म्हणून दाराजवळची भिंत जांभळट दिसते. आत्ताच उठून पाहा: दाराच्या चौकटीलगतचा पट्टा आणि खोलीच्या मधली भिंत, दोन्हीकडे रंग थोडा वेगळा भासेल.

छत मळकट दिसण्याचं कारणही जमिनीतच आहे. छतावर थेट उजेड फार कमी पडतो. त्याला मिळतो तो खालून उसळून आलेला, म्हणजे तुमच्या तांबूस जमिनीवरून तांबूस होऊन आलेला उजेड. त्यात लगतची भिंत निळसर, म्हणजे छताचा तांबूसपणा आणखी उठतो. छत स्वच्छ आहे. त्यावर पडणारा उजेड रंगीत आहे. आणखी एक शुभ्र हात मारून त्यात काडीचाही फरक पडणार नाही.

तेव्हा पहिलं काम दिव्यांचं. 6500 काढा आणि 3000 ते 4000 केल्विनचे लावा. बैठकीच्या खोलीला आम्ही 3000 सुचवू. उजेड फार पिवळा वाटत असेल तर 4000. केल्विनइतकाच दुसरा आकडाही बघा. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा निर्देशांक, लिहिलेला असतो, तो 90 किंवा त्याहून जास्त हवा. 80 च्या दिव्यातही खोली उजळते, पण तांबड्या आणि तपकिरी छटा मरतात आणि न्यूट्रल रंग निर्जीव दिसतात. खोलीतले सगळे दिवे एकाच केल्विनचे असू द्या. एका कोपऱ्यात 3000 आणि दुसऱ्यात 6500 असेल तर एकच भिंत दोन रंगांची दिसेल. दिवे बदलून दोन-तीन संध्याकाळ राहून बघा. जांभळटपणा बराच उतरेल. दिवसाची निळाई मात्र राहील, कारण खिडकी तीच आहे.

दुसरं काम लाकडाचं, भिंतीचं नव्हे. बहुतेक घरांत आधी भिंतीची शेड ठरते आणि दारांचं शेवटी बघू म्हणतात. क्रम उलटा हवा. जे बदलणार नाही ते आधी धरायचं: तुमच्याकडे जमीन. मग जमिनीला साजेसा पांढरा लाकूडकामासाठी निवडायचा, आणि भिंतीचा रंग त्या दोघांच्या मध्ये बसवायचा.

पांढरा ऑइलपेंट पिवळा का पडला ते समजून घ्या, नाहीतर तोच रंग परत लावाल आणि दोन वर्षांत परत इथेच याल. अल्किड एनॅमलमधलं, म्हणजे ऑइलपेंटमधलं, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं, आणि ही क्रिया रंग कोरडा झाल्यावरही मंद गतीने सुरूच राहते. त्यात पिवळसर द्रव्यं तयार होतात. उजेड त्यांना थोडंफार फिकट करतो, म्हणून ऊन मिळणारं दार कमी पिवळं पडतं आणि कपाटामागची, अंधाऱ्या बोळातली किंवा कमी उजेडाच्या खोलीतली चौकट जास्त. अमोनिया असलेल्या क्लीनरच्या वाफेनेही हे वेगाने होतं. भिंतीचं अ‍ॅक्रिलिक इमल्शन असं पिवळं पडत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी दोन्ही एकाच पांढऱ्याचे असले तरी पुढे त्यांची वाट वेगळी होते. म्हणून फिकट न्यूट्रल रंगांच्या घरात लाकडाला पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक किंवा पीयू (पॉलियुरेथेन) एनॅमलच द्या. ऑइलपेंटची गुळगुळीत, काचेसारखी तकाकी त्यात तंतोतंत येत नाही आणि ब्रशच्या खुणा राहू नयेत म्हणून हात चपळ लागतो, हे खरं. तरी पांढऱ्यासाठी आम्ही पाण्यावर आधारितच घेऊ.

जुन्या ऑइलपेंटवर हा नवा रंग थेट मात्र देऊ नका. तो चिकटत नाही. महिन्या-दोन महिन्यांत नखाने पापुद्रा निघतो. आधी खालचा रंग ऑइलपेंटच आहे का ते पाहा: कापसाचा बोळा मेथिलेटेड स्पिरिटमध्ये भिजवून कोपऱ्यात घासा. रंग मऊ होऊन बोळ्याला लागला तर तो पाण्याचा, काहीच निघालं नाही तर तेलाचा. मग दार साबणाच्या पाण्याने धुऊन तेलकट हात आणि मेण काढा, स्वच्छ पाण्याने पुसून वाळू द्या. 180 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक पूर्ण मरेपर्यंत घासा, नंतर 240 ने हलकेच. चमक राहिलेली जागा म्हणजे पुढे रंग सुटणारी जागा. धूळ ओल्या फडक्याने टिपून घ्या. खड्डे पुट्टीने भरा, सुकल्यावर घासा. त्यावर जुन्या तकाकीला धरून राहणारा बाँडिंग प्रायमर एक हात, रात्रभर वाळवण, मग एनॅमलचे दोन पातळ हात. दोन हातांमधली वेळ डब्यावर असेल तेवढी पाळा, आणि मध्ये 320 ने एकदा हात फिरवा. घर फार जुनं असेल, लाकडावर कित्येक दशकांचे थर असतील, तर त्यात शिसं असू शकतं. तिथे कोरडं घासू नका; पाणी मारून ओलं घासा, चांगला मास्क लावा, आणि लहान मुलं व गरोदर बाई त्या काळात घरात नको.

लाकडाच्या गाठींवर पाण्याच्या रंगातून तपकिरी डाग वर येतात. चार हात दिले तरी येत राहतात, कारण लाकडातली द्रव्यं पाण्यात विरघळून वर चढतात. तिथे लाखेवर आधारित डाग अडवणारा प्रायमर आधी लावा. नवीन एनॅमल काही तासांत हाताला कोरडं लागतं, पण पूर्ण कठीण व्हायला दोन ते तीन आठवडे घेतं. तोवर दार-खिडकी गच्च लावून ठेवली तर पल्ला चौकटीला चिकटतो आणि उघडताना रंगाचा तुकडा घेऊन येतो. पहिले काही दिवस रात्रीसुद्धा थोडी फट ठेवा.

आता पांढरा कुठला? तांबूस जमिनीशेजारी निळसर शुभ्र पांढरा घेतला तर तो बोचतो आणि जमीन आणखी लाल दिसते. पिवळ्या झाकेचा क्रीम घेतला तर तुम्ही आत्ताच काढून टाकलेला पिवळेपणा विकत आणल्यासारखं होईल. मधला घ्या: ज्याच्या फॉर्म्युल्यात अगदी थोडा पिवळा ऑक्साइड आणि त्याहूनही कमी काळा आहे असा मऊ पांढरा. काळ्याचा तो थेंब महत्त्वाचा आहे. तोच पिवळ्याला क्रीम होऊ देत नाही.

इथे एक आकडा कामाला येईल. शेडकार्डाच्या मागे किंवा शेडच्या माहितीत एलआरव्ही दिलेला असतो: त्या रंगावर पडलेल्या उजेडापैकी किती परत येतो, 0 ते 100 च्या मापात. शुभ्र पांढरा व्यवहारात 90 च्या आसपास असतो. लाकूडकामाचा पांढरा 82 ते 86 मध्ये घ्या. भिंत 62 ते 68. उत्तरेच्या एका खिडकीच्या खोलीत 50 च्या खाली उतरलात तर दुपारीही दिवा लावावा लागेल. उलट टोकाचा मोहही टाळा: खोली अंधारी आहे म्हणून भिंतीही पांढऱ्याशुभ्र करायच्या. पांढरा रंग आलेला उजेड परत देतो, नवा तयार करत नाही. उजेड कमी असला की पांढरी भिंत राखाडी, थकलेली दिसते, तिथे मध्यम फिकट आणि ऊबदार रंग जास्त जिवंत वाटतो. भिंत आणि लाकडात 15 ते 20 अंकांचं अंतर असू द्या, किंवा अजिबात ठेवू नका, म्हणजे दोन्हीला एकच शेड आणि वेगळी तकाकी. चार-पाच अंकांचा फरक सर्वात वाईट. तो ठरवून केलेला वाटत नाही, डबा चुकल्यासारखा वाटतो.

भिंतीसाठी तुम्हाला करडा आणि बदामी यांच्या मधला रंग हवा, ज्याला दुकानात ग्रेज म्हणतात. पांढऱ्या बेसमध्ये काळा, पिवळा ऑक्साइड, आणि हिरवट झाक मारण्यापुरता तांबडा ऑक्साइड किंवा अंबर. सावध राहायची जागा दोन्हीकडे आहे. तांबडा जास्त झाला तर खालून उसळणारा तांबूस उजेड त्याला मिळून भिंत गुलाबी होईल. तांबडा फारच कमी पडला तर जमिनीच्या शेजारी हिरवट झाक उठून दिसेल. खिडकीबाहेर दाट झाडी असेल तर हिरवा उजेडही आत येतो. तसं असेल तर तांबड्याची मात्रा किंचित जास्त असलेली शेड चालेल.

म्हणून दोन किंवा तीन शेड निवडा, एकच नको आणि सहा तर मुळीच नको, आणि नमुना करून पाहा. शेडकार्डावरचा तुकडा पाहून भिंत ठरवता येत नाही, कारण खोलीत चार भिंती एकमेकींवर उजेड टाकतात. तो उजेड दरवेळी त्याच रंगातून गाळून येतो, त्यामुळे चारही बाजूंनी रंग लागल्यावर तो कार्डापेक्षा गडद आणि जास्त रंगीत होतो. नमुना सध्याच्या निळसर भिंतीवर चौकोन ओढून करू नका. निळ्याशेजारी कुठलीही ऊबदार शेड पिवळी दिसेल आणि तुम्ही चांगली शेड नाकाराल. 60 बाय 60 सेंटिमीटरचे जाड पुठ्ठे किंवा प्लायचे तुकडे घ्या, प्रत्येक शेडसाठी दोन. पांढरा प्रायमर, त्यावर रंगाचे दोन हात, अगदी कडेपर्यंत. भोवती पांढरी किनार राहिली की रंग आहे त्याहून गडद भासतो. चोवीस तास वाळू द्या. इमल्शन ओलं असताना फिकट दिसतं, सुकलं की एक घर गडद होतं, म्हणून ओल्या रंगावर मत बनवू नका.

आता एकाच शेडचे दोन्ही पुठ्ठे खोलीच्या कोपऱ्यात उभे करा, एकमेकांना काटकोनात, खालची कड जमिनीला टेकवून. मग तो परस्परांवर पडणारा उजेड छोट्या प्रमाणात दिसेल, आणि जमिनीचा परिणामही. नंतर तेच पुठ्ठे नव्याने रंगवलेल्या चौकटीला चिकटवून धरा. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री नव्या दिव्यांत, असं दोन दिवस पाहा. त्यातला एखादा दिवस ढगाळ मिळाला तर फारच छान. पुठ्ठा आडवा टेबलावर ठेवून बघू नका, भिंत उभी असते आणि तिच्यावर उजेड तिरका येतो. एखादी शेड दिवसा सुरेख आणि रात्री पार वेगळी दिसली तर ती सोडा. दोन रंग एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फारकत घेतात, हे न्यूट्रल रंगांत नेहमी घडतं. पडदा आणि भिंत जुळवतानाही हीच चाचणी करा.

छताचा प्रश्न आता सोपा झाला. होय, दार-खिडकी आणि छताला एकच पांढरा चालेल, आणि तुमच्या खोलीत तोच द्या. अट एवढीच की दोन्ही एकाच शेड कोडवर टिंट करून घ्या: लाकडाला सॅटिन (मंद तकाकीचं) एनॅमल, छताला मॅट इमल्शन. रेडीमेड सीलिंग व्हाइट आणि रेडीमेड पांढरं एनॅमल आणलं तर दोन्हींवर पांढराच लिहिलेलं असेल, पण एक निळसर निघेल आणि दुसरं पिवळसर. छताला मॅटच, कारण तकाकी असली की खिडकीचा तिरका उजेड सांधे, डागडुजी आणि रोलरचे पट्टे सगळं दाखवतो. छतावर तांबूस उजेड पडतच राहील, पण भिंतीतली निळाई गेली की तो मळका न वाटता ऊबदार वाटेल.

छताला भिंतीचाच रंग निम्म्या तीव्रतेने द्यावा असंही सुचवलं जातं. कल्पना चांगली आहे, मात्र तुमच्यासारख्या फिकट शेडमध्ये फॉर्म्युल्यात तांबड्याचा एखाद-दुसरा थेंब असतो. त्याचा निम्मा भाग मशीन नीट मोजू शकत नाही आणि झाक बदलते. हे करायचंच तर छोट्या डब्यात नाही, मोठ्या डब्यातच टिंट करून घ्या. तुमचं छत 2.4 मीटरवर असतं तर आम्ही भिंत आणि छत दोन्हीला एकच रंग सुचवला असता, म्हणजे भिंत कुठे संपते ते डोळ्याला कळत नाही आणि छत खाली आल्यासारखं वाटत नाही. 2.7 ला त्याची गरज नाही. भिंत आणि छताचा कोपरा बहुतेक घरांत सरळ नसतो. तो वाकडा असेल तर भिंतीचा रंग कोपऱ्याच्या दोन-तीन मिलिमीटर खाली सरळ रेषेत थांबवा. डोळा रेषा पाहतो, कोपरा पाहत नाही.

भिंतीलाही मॅट किंवा अगदी मंद तकाकीचं धुता येणारं इमल्शन घ्या. मॅटवर पुढे डाग झाकणं सोपं जातं. तकाकीच्या भिंतीवर ठिगळ दिसतंच.

मापं अशी. भिंतींचा घेर 15 मीटर, गुणिले 2.7, म्हणजे 40.5 चौरस मीटर. एक दार आणि मध्यम आकाराची खिडकी वजा केली की साधारण 37. दोन हात म्हणजे 74. गुळगुळीत भिंतीवर लिटरला एका हातात सुमारे 10 चौरस मीटर धरा: साडेसात लिटर, आणि वाया जाण्यासाठी दहा टक्के, म्हणून सव्वाआठ लिटरच्या आसपास. छत 14 चौरस मीटर, दोन हातांना 3 लिटर. दाराच्या दोन्ही बाजू, चौकट आणि खिडकी मिळून 7 चौरस मीटरच्या आसपास; एनॅमल लिटरला 12 पर्यंत जातं, म्हणजे सव्वा लिटरपुरतं. भिंतीवरचा सध्याचा रंग ताजा आणि फिकट आहे, त्यामुळे पूर्ण प्रायमर नको. 220 ने हलकं घासून धूळ पुसा. जिथे पुट्टी भरली तिथे मात्र प्रायमर लावाच. उघडी पुट्टी रंग जास्त पिते आणि सुकल्यावर त्या जागी निस्तेज चट्टे दिसतात; न्यूट्रल रंगात ते फार उठतात. भिंतीचे डबे वेगवेगळे असतील तर सुरू करण्याआधी सगळे एका मोठ्या बादलीत ओतून ढवळून घ्या. एकाच कोडच्या दोन डब्यांतही थेंबाचा फरक असतो, आणि तो भिंतीच्या बरोबर मधोमध दिसतो.

जुन्या करड्याचा डबा बराच शिल्लक असेल तर तो सुधारता येतो का, असाही प्रश्न तुमच्या मनात आला असेल. येतो, काही मर्यादेत. एक लिटर बाजूला काढून त्यात इंजेक्शनच्या सिरिंजने पिवळा आणि तांबडा ऑक्साइड अर्धा-अर्धा मिलिलिटर घालत जा, ढवळा, पुठ्ठ्यावर लावून वाळवून बघा. निळाई मरेल. पण टिंटर घातला की रंग गडदच होतो, फिकट कधीच होत नाही. दरवेळी एलआरव्ही खाली येतो. आणि नंतर रंग कमी पडला तर तीच शेड पुन्हा जुळणार नाही. सगळ्या भिंतींना पुरेल एवढा साठा असेल तरच या वाटेला जा.

शेजारची खोली: क्रीम नको, निदान पिवळा क्रीम नको. दार उघडं असलं की दोन्ही खोल्या एकाच नजरेत येतात, आणि पिवळ्या क्रीमशेजारी हा ग्रेजसुद्धा पुन्हा थंड दिसू लागेल. त्याच पट्टीवरची दोन पायऱ्या फिकट शेड घ्या, 75 च्या आसपास एलआरव्हीची. त्या खोलीला ऊन येत असेल तर तीच शेड तिथे आपोआप क्रीमकडे झुकलेली दिसेल. ठरवण्याआधी दोन्ही खोल्यांचे पुठ्ठे त्या दाराच्या चौकटीला दोन बाजूंनी टेकवून एकदा पाहा. चौकटी दोन्ही खोल्यांत एकाच पांढऱ्या असू द्या, म्हणजे दाराच्या कडेला कुठला रंग कुठे थांबवायचा हा प्रश्नच राहत नाही.

कामाचा क्रम असा ठेवा: लाकडाची घासणी, प्रायमर आणि पहिला हात, मग छत, मग भिंती, आणि लाकडाचा शेवटचा हात सर्वात शेवटी. घासणीची धूळ ताज्या भिंतीवर बसायला नको, म्हणून ती आधी. मास्किंग टेप रंग पूर्ण सुकायच्या आत, स्वतःवरच दुमडत तिरकी ओढून काढा; कडक झाल्यावर ओढली तर कडा फाटते. काम संपल्यावर प्रत्येक रंगाचा पाव लिटर छोट्या काचेच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवा, आणि बरणीवर शेड कोड, तकाकी, बॅच नंबर आणि तारीख लिहा. अर्ध्या रिकाम्या डब्यात वर साय धरते आणि पत्र्याचा गंज रंगात उतरतो.